सात नंबरच्या खाटेचा निरोप

नगरच्या एका रुग्णालयात मी नऊ वर्षं बायकांना बोलायला शिकवलं. हे वाक्य कुठंही उच्चारलं की समोरचा हसतो. माझे मेहुणे दर दिवाळीला चार माणसांत विचारायचे, "काय दाजी, बायकांना बोलायला शिकवायचा पगार मिळतो होय तुम्हाला? गप्प बसायला शिकवलं असतंत तर लोकांनी हत्तीवरून मिरवलं असतं!" सगळे हसायचे, मीही हसायचो. आता पन्नाशी गाठली, ती नोकरी सुटूनही बरीच वर्षं झाली. त्या कामाविषयी लिहायला बसलो की हसू येत नाही, थकवा येतो. एकच गोष्ट पुन्हा पुन्हा वर येते, आणि ती बाजूला ठेवून बाकीचं सांगणं मला खोटं वाटतं. तरी आधी काम काय होतं ते सांगतो, नाही तर मी नेमकं काय केलं ते कळायचं नाही.

रुग्णालयाला जोडून रुग्णसेविकांचा नऊ महिन्यांचा वर्ग चालायचा. सातवी पास झालेल्या, वीस ते पस्तीस वयाच्या बायका यायच्या. कुणी विधवा, कुणाला नवऱ्यानं टाकलेलं, कुणाच्या घरचं मिळवतं माणूस अंथरुणाला खिळलेलं. डॉक्टर त्यांना शरीर समजावून सांगत. मेट्रनबाई हात शिकवत, म्हणजे खाट कशी लावायची, ताप कसा बघायचा, पट्टी कशी बांधायची. उरलेलं माझ्याकडं होतं. वेळापत्रकात त्याला 'बोलणे व नोंद' असं नाव होतं. नऊ महिन्यांनी या बायका कुठल्या तरी दवाखान्यात किंवा आरोग्य केंद्रात कामाला लागणार. तिथं साहेबाशी, रोग्याशी, रोग्याच्या माणसांशी आणि फोनवर नीट बोलता यावं, एवढाच त्याचा हेतू.

मी मूळचा हायस्कुलातला मराठीचा शिक्षक. दवाखान्यातलं मला काही कळत नव्हतं. पहिल्या महिन्यात मी मोठ्या उत्साहानं अर्ज लिहायला शिकवला. 'महोदय' कुठं लिहायचं, सही कुठं करायची. मेट्रनबाई साठीच्या जवळ आलेल्या, करड्या स्वभावाच्या. त्यांनी मला व्हरांड्यात गाठलं.

"सर, माझ्या पोरींना महोदय नको. मी विचारते, सुया उकळल्या का? त्या म्हणतात, हां. जाऊन बघते तर स्टोव्हच पेटलेला नाही. मग हां का म्हणालीस? तर म्हणे, तुमी बोल्लात म्हनून म्हन्लं. हे आधी बघा."

त्या दिवशी मला माझा विषय कळला. आमच्याकडं घरात मोठं माणूस बोललं की 'हां' म्हणायची रीत. काम झालं असा त्याचा अर्थ नसतो, तुमचा शब्द खाली पडू दिला नाही एवढाच असतो. घरात ते चालतं, दवाखान्यात चालत नाही. मग मी तीन वाक्यं घोटून घ्यायला लागलो. 'झालं.' 'झालं नाही.' 'मला समजलं नाही.' तिसरं सगळ्यांत जड. एकीनं मला उभं राहून विचारलं होतं, "समजलं न्हाई म्हन्लं तर सायब म्हनंल, मंग आलीस कशाला? त्येला काय सांगू?" मी म्हणालो, "साहेब रागावला तर संध्याकाळपर्यंत विसरतो. रोगी दगावला तर तुम्ही विसरणार नाही." हे बोलताना मला फार बरं वाटलं होतं.

फोनचं निराळंच. अकोले तालुक्यातल्या डोंगरातली एक बाई फोनमध्ये डॉक्टरांचा आवाज आला की उठून उभी राहायची, पदर डोक्यावर घ्यायची आणि विचारलेल्याला मान हलवायची. पलीकडं डॉक्टर 'हॅलो, हॅलो' करून दमायचे. "मान हालवली की मी," ती मला म्हणाली. मग वर्गात मधोमध दोरीवर घोंगडी टाकली, एका बाजूला ती, दुसऱ्या बाजूला दुसरी, आणि दोघींना बोलायला लावलं. पंधरा दिवसांत ती फोनवर भांडायलासुद्धा लागली. कुणाची बोली मात्र मी बदलली नाही. 'हाय'चं 'आहे' करण्याच्या भानगडीत पडलो नाही, रोग्याला दोन्ही कळतं. त्या नऊ वर्षांतली ही एक गोष्ट मी आजही ताठ मानेनं सांगू शकतो.

सगळ्यांत महत्त्वाचा धडा निरोपाचा. दवाखाना निरोपावर चालतो. सकाळची पाळी दुपारच्या पाळीला सांगते, कुणाला काय द्यायचं, कुणाला काय द्यायचं नाही. वहीत नोंद असते, पण गर्दी झाली की वही कोण उघडतंय? तोंडी निरोप हाच खरा. म्हणून मी नियम घालून दिला होता. निरोप रोग्याचं नाव घेऊन द्यायचा. ऐकणारीनं तो नावासकट परत म्हणून दाखवायचा. मग रोग्याजवळ जाऊन त्याच्याकडूनही नाव वदवून घ्यायचं. खाटेचा नंबर सांगायचा नाही. "खाट आजारी नसते, माणूस आजारी असतो," हे मी इतक्यांदा म्हणत असे की बायका मागं माझी नक्कल करत. माझ्या वहीत प्रत्येकीच्या नावापुढं रकाने होते आणि जमलं की मी त्यात बरोबरची खूण करायचो. त्या वहीवरून शेवटी दाखला मिळायचा.

बहात्तरच्या तुकडीत इंदूबाई आली. सोनईचं माहेर, घोडेगावला दिलेली. तिशीच्या आतली, अंगानं किरकोळ, पण एकदा सांगितलेलं दुसऱ्यांदा सांगावं लागत नसे. अक्षर माझ्याहून चांगलं. तिचा नवरा विहिरीवर काम करताना सुरुंगात सापडला होता, त्याचे दोन्ही डोळे गेले होते. घरात दुसरं कुणी नव्हतं. हा वर्ग पुरा झाला तरच दोघांचं चालणार, हे वर्गातल्या सगळ्यांना माहीत होतं.

निरोपाच्या सरावासाठी मी चिठ्ठ्यांवर रोग्यांची नावं लिहून ठेवत असे. एक दिवस इंदूबाईला 'ज्ञानदेव' अशी चिठ्ठी आली. ती चिठ्ठीची घडी घालून उभी राहिली. मागून खुसखुस सुरू झाली.

"सर, तिच्या मालकांचं नाव हाय," हिराबाई म्हणाली. ही नेवाशाची, बौद्ध घरातली, तुकडीतली सगळ्यांत फटकळ बाई. "इंदे, उखाण्यात घे की! सर बी खूस, मालक बी खूस."

वर्ग हसला. नेवासे भागात दर चार घरांत एक ज्ञानदेव. वॉर्डात कधीही एखादा ज्ञानदेव असणारच. नवऱ्याचं नाव न घेणाऱ्या बायका मला नव्या नव्हत्या. बहुतेकजणी आठवडाभर लाजायच्या आणि मग तोंडाला पदर लावून एकदाचं घेऊन टाकायच्या. इंदूबाई लाजली नाही आणि हसलीही नाही. तास संपल्यावर थांबली.

"सर, मी ते नाव येकदा घेतलंय," ती म्हणाली. "मालकांना लागलं तवा हितंच आनलं हुतं. संगं कोनी गडीमानूस नव्हतं. खिडकीवरचा बाबू म्हन्ला, केसपेपरवर नाव सांग. मी सांगितलं. त्येला ऐकू येईना म्हनून मोठ्यानं दोनदा सांगितलं. तिसऱ्या दिशी पट्टी सोडली, तर डोळे गेल्याले."

"इंदूबाई, डोळे सुरुंगानं गेले. नावानं नाही."

"व्हय सर, मला कळतं. सातवी शिकलीय मी. पन आता नुसता जीव ऱ्हायलाय त्यांचा. त्येच्यावर कशाला बेतू देऊ?"

मला तिची दया आली. खरं सांगायचं तर, मला दया येते याचंही बरं वाटलं. मी म्हणालो, "बरं. त्या एका नावापुरतं खाटेचा नंबर सांगत जा. बाकी सगळ्यांची नावं घ्यायची." तिनं मान खाली घालून हात जोडले. नावाचा रकाना रिकामा ठेवला तर मेट्रनबाई विचारतील, म्हणून मी त्यात बरोबरची खूण केली. खाली सही केली.

हिराबाईला हे कळलंच. दुसऱ्या दिवशी तिनं मला अडवलं.

"सर, खाट हालली तर मंग?"

"खाट कशाला हलतेय?"

"खाट न्हाई हालत, मानूस हालतो. तुमीच रोज वरडता ना?" मग ती इंदूबाईकडं वळली. "तुजा येकलाच ज्ञानदेव हाय का गं दुनियेत? वॉर्डातला निराळा, तुजा निराळा."

"नाव येकच की," इंदूबाई म्हणाली.

"हिराबाई, तुम्ही तुमचं बघा," मी म्हणालो.

पाच-सहा महिने काही झालं नाही. इंदूबाई 'सात नंबरचे बाबा', 'तीन नंबरचे दादा' असं म्हणून वेळ निभावून नेत होती. मीही विसरून गेलो.

मग दुष्काळाचा तो उन्हाळा आला. विहिरींचे तळ दिसायला लागले. लोक मिळेल ते पाणी प्यायचे आणि हगवण-उलट्यांचे रोगी बैलगाडीतून, ट्रकमधून येऊन पडायचे. वॉर्डात दोन खाटांच्या मध्ये जमिनीवर माणसं. ज्याला सलाईन लावायची त्याला खिडकीकडच्या खाटेवर घ्यायचं, आधीच्याला आत सरकवायचं, असं दिवसभर चाललेलं.

सात नंबरच्या खाटेवर ज्ञानदेव नावाचा एक हमाल होता. दुपारी तीनला त्याचं हर्नियाचं ऑपरेशन होतं. भूल द्यायची म्हणून पोटात काही जाऊ द्यायचं नव्हतं. नर्सनं इंदूबाईला बजावलं, "ज्ञानदेवला तोंडानं काही नाही, पाणीसुद्धा नाही. पुढच्या पाळीला सांगून जा." इंदूबाईनं वहीत नीट नोंद केली. बाराला पाळी बदलली तेव्हा तिनं येणाऱ्या मुलीला निरोप दिला, "सात नंबरला तोंडानं काय बी द्यायचं न्हाई. पानी बी न्हाई." ती मुलगी नवखी, तिनं तो तसाच परत म्हणून दाखवला. इंदूबाई निघून गेली.

पाच मिनिटांनी हगवणीचा एक म्हातारा आला. ती मुलगी दुसऱ्या टोकाला असताना खिडकीकडची जागा हवी म्हणून वॉर्डबॉयनं ज्ञानदेवला अकरा नंबरवर हलवलं आणि म्हाताऱ्याला सातवर टाकलं. साडेबाराला ज्ञानदेवची बायको भाकरी-पिठलं घेऊन आली. "देऊ का, ताई?" तिनं विचारलं. मुलीनं खाटेचा नंबर बघितला. "द्या की." सकाळी नको म्हटलं होतं, आता द्या म्हणतात तर चालत असेल, असं ज्ञानदेवला वाटलं. भुकेला माणूस, पोटभर जेवला. आणि सात नंबरचा म्हातारा, ज्याला घोटघोट पाणी पाजायला पाहिजे होतं, तो दुपारभर 'पानी, पानी' करत होता आणि ती मुलगी त्याला समजावत होती, "बाबा, न्हाई द्यायचं, तसं सांगितलंय."

ऑपरेशनच्या टेबलावर ज्ञानदेवला उलटी झाली आणि ती फुफ्फुसात गेली. तो तीन आठवडे मरणाच्या दारात होता, शेवटी वाचला. म्हाताराही वाचला. पण ज्ञानदेवची बायको वॉर्डाच्या पायरीवर बसून "मीच खाऊ घातलं, माझ्या हातानं घातलं" म्हणत डोकं आपटत होती, ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

चौथ्या दिवशी मोठ्या डॉक्टरांनी, म्हणजे रुग्णालयाच्या प्रमुखांनी, चौकशी लावली. खोलीत ते, मेट्रनबाई, इंदूबाई आणि मी. टेबलावर माझी वही उघडी होती.

"निरोप खाटेच्या नंबरानं दिलास?" त्यांनी तिला विचारलं.

"व्हय."

"नाव का नाही घेतलंस?"

तिनं टेबलावरच्या वहीकडं पाहिलं.

डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं. "सर, तुमच्या वहीत हिच्यापुढं नावाच्या रकान्यात खूण आहे. खाली तुमची सही आहे. म्हणजे हिला हे शिकवलं होतं?"

"हो," मी म्हणालो. "शिकवलं होतं."

"मग?"

मी खाली बघत राहिलो. माझी नेमणूक तात्पुरती होती. पुढच्याच महिन्यात ती कायम व्हायची होती. घरी तीन मुलं, आजारी वडील. ही कारणं मी त्या वेळी स्वतःला दिली आणि नंतरही कित्येक दिवस देत राहिलो. कारणं सगळ्यांकडं असतात. तिच्याकडं तर माझ्यापेक्षा जास्त होती.

डॉक्टर पुन्हा तिच्याकडं वळले. "असं नंबर सांगायला तुला कोणी सांगितलं होतं का?"

इंदूबाईनं माझ्याकडं पाहिलं. क्षणभरच. तिच्या नजरेत राग नव्हता, ती वाट बघत होती. मग तिनं तोंड फिरवलं.

"कोनी न्हाई. माझं मीच."

तिला त्याच दिवशी काढलं. नऊ महिन्यांतले दोनच उरले होते. ती पत्र्याची पेटी घेऊन फाटकातून गेली तेव्हा मी वर्गात फळा पुसत होतो. पुसून झालेला फळा पुसत होतो.

हिराबाई दारात आली. "सर, आत काय झालं?"

"तिला काढलं."

"ते कळलं. तुमी काय बोल्लात?"

"तासाची वेळ झाली, हिराबाई. बसा."

ती बसली. पुढं तिनं मला कधी काही विचारलं नाही. मी विचारलेल्याला तेवढं उत्तर द्यायची. त्या दिवशी वेळापत्रकात निरोपाचा सराव होता. तो मी घेतला.

पुढच्या महिन्यात माझी नोकरी कायम झाली. बायकोनं गोड केलं. मी ताट बाजूला सारलं. तिनं विचारलं तर मी पित्ताचं सांगितलं. त्यानंतर आणखी महिनाभर मी रोज ठरवत होतो आणि रोज उद्यावर ढकलत होतो. शेवटी एका शुक्रवारी रजा टाकली आणि घोडेगावची गाडी धरली.

शुक्रवार घोडेगावच्या जनावरांच्या बाजाराचा. माळावर गुरं उभी होती, घेणारं कुणी नव्हतं. इंदूबाईचं घर विचारत गेलो, तर दारात एक माणूस पायाच्या अंगठ्याला सुताचं टोक अडकवून दोरखंड वळत बसला होता. चेहरा भाजल्यासारखा, डोळे मिटलेले.

"कोन हाय?" पावलं ऐकून त्यानं विचारलं.

"मी नगरचा. इंदूबाईंचा मास्तर."

"आरं, मास्तर! बसा, बसा." त्यानं हातानं चाचपून घोंगडी पुढं सरकवली. "मंग शाळा कवा चालू व्हनार?"

"शाळा?"

"ती म्हन्ली, दुष्काळामुळं समद्या बायांना घरी लावून दिलं. पुढं बोलवनार हायेत म्हनं. म्या म्हन्लं, बरं झालं, तवर मला बी दोन भाकरी गरम मिळत्याल." तो हसला. "पन तिचं ध्यान तिकडंच हाय. रस्त्याच्या कामावर खडी फोडती आन् घरी आली की वही काढून बसती. मला तपासती. जीभ दाखवा म्हनती. गावात मानसांच्या जिभा कोन बघतं हो, मास्तर? बैलाची बघत्यात, तीबी बाजारात!"

तेवढ्यात त्यानं मान वळवली. "आली बघा."

इंदूबाई डोक्यावर पालथं घमेलं घेऊन आली. अंगावर, भुवयांवर खडीची पांढरी धूळ. मला पाहून थबकली. मग म्हणाली, "सर, पानी घेतलं का?" आत जाऊन तांब्या आणला. त्या दिवसांत घोडेगावात पाणी कुठून आणावं लागत होतं ते मला ठाऊक होतं. मी ते प्यालो.

"इंदूबाई, मला बोलायचंय."

"हितं नको," ती म्हणाली आणि रस्त्याच्या कडेला आली.

"त्या दिवशी मी सांगायला पाहिजे होतं. नंबर सांगायची परवानगी मी दिली होती."

"मला ठाव हाय की, सर. मी तिथंच हुते."

"मला माफ करा."

"माफीचं ऱ्हाऊ द्या." तिनं हाताच्या फोडावरची चिंधी आवळली. "ज्यांना ठाव न्हाई त्यांना सांगा. मला सांगून काय व्हनार?"

"तुम्ही का नाही बोललात? सरांनी सांगितलं होतं, एवढंच म्हणायचं होतं."

तिनं पदरानं भुवयांवरची धूळ पुसली.

"मी बोल्ले आसते तर तुमाला खोटं पाडल्यावानी झालं आसतं," ती म्हणाली. "आन् मला वाटलं, तुमी सांगाल."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मोठ्या डॉक्टरांकडं गेलो आणि सगळं लेखी दिलं. त्यांनी कागद दोनदा वाचला.

"आता? दोन महिन्यांनी?"

"हो."

"तुमचं कायम झालं ना मागच्या महिन्यात?"

"झालं."

त्यांनी कागद फायलीत ठेवला. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. आठ दिवसांनी मला एक मेमो आला. 'यापुढे दक्षता घ्यावी.' एवढंच. पुढं त्या मेमोमुळं माझं काहीही अडलं नाही. त्या खोलीत ज्याला भिऊन मी गप्प बसलो ते सगळं एका ओळीत मावलं, आणि तिला तेवढ्यासाठी उन्हाळाभर खडी फोडावी लागली.

तिला नव्या तुकडीत घ्यायला डॉक्टर तयार झाले. पण झालेले सात महिने धरायचे नाहीत, पहिल्यापासून यायचं. आणि निवडीच्या वेळी समितीसमोर, नाव घेऊन, तोच निरोप देऊन दाखवायचा. मी अर्ज घेऊन पुन्हा घोडेगावला गेलो. तिनं ती अट उभ्यानं वाचली, कागदाची घडी घातली. "बघते," म्हणाली.

जुलैत निवड होती. ती येईल की नाही मला सांगता येत नव्हतं. दहाच्या गाडीनं नवरा-बायको दोघं आली. मी समितीतून माझं नाव काढून घ्यायला लावलं होतं. मी व्हरांड्यात थांबलो. तिचा नवरा ज्ञानदेव तिथंच कचेरीच्या खिडकीखालच्या बाकावर काठी गुडघ्यांत धरून बसला होता.

"मास्तर का?" तो म्हणाला. "तिनं समदं सांगितलं मला. शाळा बंद पडली नव्हती, ते बी. तुमचं बी सांगितलं."

मी बाकाच्या टोकाला बसलो.

"लई राग आल्ता तुमचा. आजूनबी हाय, खोटं कशाला बोलू? पन तिला म्हन्लं, बाई, माझं आता आनखी काय जायचं ऱ्हायलंय? घे नाव. घोडेगावच्या बाजारात बैल इकनारे हेडे त्येचं नाव घेऊन वरडत्यात, तसं घे!"

आतून मेट्रनबाईंचा आवाज आला, "हं, दे निरोप."

काहीच ऐकू येईना. ज्ञानदेवनं काठीवरची मूठ आवळली. मग इंदूबाईचा आवाज आला, अगदी बारीक. "ज्ञानदेव... तोंडानं काय बी द्यायचं न्हाई."

"मोठ्यानं," डॉक्टर म्हणाले. "वॉर्डात एवढं ऐकू जाणार नाही."

ती पुन्हा म्हणाली.

"अजून मोठ्यानं."

तिसऱ्यांदा ती अशी म्हणाली की व्हरांड्यातली माणसं वळून बघायला लागली.

ज्ञानदेव चेहरा वर करून बसला होता. "लग्नात उखाण्यात घेतलं हुतं," तो म्हणाला, "झाडपाल्यात गुंडाळून. नुसतं आसं आज ऐकलं." मग माझ्याकडं तोंड वळवून, "आवाज चांगला हाय न्हाई तिचा?"

"चांगला आहे," मी म्हणालो. बायकोच्या तोंडून आपलं नाव त्यानं ऐकलं ते एका कचेरीच्या खिडकीतून, परीक्षा म्हणून, तीन परक्या माणसांच्या हुकमानं. ते तसं ऐकायची वेळ माझ्यामुळं आली होती.

इंदूबाई बाहेर आली. घामानं डबडबलेली. माझ्याकडं तिनं पाहिलंही नाही. ती सरळ त्याच्यापुढं जाऊन उभी राहिली आणि त्याला पायापासून डोक्यापर्यंत निरखत राहिली. कपाळाला हात लावला. मनगट धरलं आणि ओठ हलवत नाडी मोजली.

"बरं वाटतंय ना?" तिनं विचारलं.

"मला काय धाड भरलीय? सोड हात, लोकं बघत्यात."

"बघू द्या. बरं वाटतंय का, तेवढं सांगा."

"बरं हाय गं बाई, बरं हाय."

तिची निवड झाली. पुढं वर्ग पुरा करून ती एका आरोग्य केंद्रात लागली, चांगलं काम केलं असं ऐकलं. माझ्याशी ती कामापुरतंच बोलायची, आणि तेच योग्य होतं. वर्गाच्या त्या नऊ महिन्यांत वॉर्डात ज्ञानदेव नावाचे रोगी येतच राहिले. तिनं एकदाही नंबर सांगितला नाही. पण ज्या दिवशी ते नाव घ्यावं लागे, त्या दिवशी पाळी संपली की ती मेट्रनबाईंची परवानगी काढायची आणि संध्याकाळच्या गाडीनं घोडेगावला जायची. नवऱ्याला एकदा डोळ्यांनी बघायची आणि पहाटेच्या गाडीनं परत यायची. मेट्रनबाईंनी कधी अडवलं नाही. सकाळी हजेरीला ती तांबारलेल्या डोळ्यांनी पहिल्या रांगेत उभी असायची. मी तिचं नाव पुकारायचो, ती 'हजर' म्हणायची, आणि मी खाली बघून पुढचं नाव घ्यायचो.